पंख्याची दिशा

माझ्या तळहाताला आता कळत नाही.
अठरा वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
सांडशीच्या या टोकाला उभा होतो,
तेव्हाच तिथली कातडी कामावरून कमी झाली.
म्हणून काय किती तापलंय हे बघायला
मी मनगटाची आतली बाजू लावतो,
बाळाचं दूध बघतात तशी.

शिवतेज भोपळे टवेरा घेऊन आला
उद्यमनगरात, भर दुपारी, लाईट गेलेली.
"मणेरचाचा, ॲम्प्लिफायर बंद पडतोय.
गारगोटीतनं निघालं की कूरपतूर झकास,
मुदाळ तिट्टा आला की लाल दिवा, आन् सगळं गप गार.
पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू."
"तापतोय," मी म्हटलं.
"ते मलाबी कळतंय. का तापतोय ते सांगा."

पहिल्या दिवशी गेन बघितला.
शेवटच्या टोकापर्यंत पिळलेला.
गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे
हे मी आजवर किती पोरांना सांगितलं
आणि त्यातल्या कितींनी ऐकलं,
जाऊ दे.
अर्ध्यावर आणला.

मग अर्थिंग. बोल्ट रंगावरच आवळलेला.
पत्रा चकाकेपर्यंत खरवडला.
उघड्या पत्र्याला वायर भिडल्याशिवाय
करंट घरी जात नाही.

मग वूफर सोडवून मीटर लावला.
चार ओहमचे दोन, समांतर जोडलेले, म्हणजे दोन ओहम.
तेवढं त्याला झेपतं.
टेबलावर तीन तास वाजवला.
मनगट लावलं. कोमट.
शेजारचा लेथवाला दोनदा येऊन शिव्या देऊन गेला,
एवढं सोडलं तर काही बिघाड नव्हता.

शुक्रवारी फोन.
मुदाळ तिट्टा. लाल दिवा.

मंगळवारी पहाटेची एसटी धरून गारगोटीला गेलो
आणि येताना त्याच्याच गाडीत बसलो, मागं.
शेजारी त्याचे वडील, बळवंतअण्णा,
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं,
आता दर मंगळवारी न् शुक्रवारी कोल्हापुरात डॉक्टर.
त्यांना ऐकू जवळजवळ येत नाही.
पुढं पोरगा एसी चार नंबरवर ठेवून घाम पुसत होता,
गाणं दणकत होतं,
आणि म्हातारा डोळे मिटून निवांत,
थिएटरात बाल्कनीचं तिकीट मिळाल्यासारखा.

कूर मागं पडलं.
मला करपल्याचा नाही, लोकरीचा वास आला.
वाकून बघितलं.
चपला एका बाजूला, जोडीनं लावून ठेवलेल्या.
दोन्ही पावलं सीटखालच्या ॲम्प्लिफायरवर,
ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांवर टेकलेली,
नखं निळसर.
वरून शाल, चारी बाजूंनी नीट खोचलेली,
वारा जायला सुईएवढी जागा नाही.

अण्णांनी डोळे उघडले.
ट्रॅक्टर जास्त भरलाय हे ठाऊक असून
शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघत पावती फाडणारा माणूस
बघेल, तसं माझ्याकडं बघितलं.
मी सरळ बसलो.
तिट्टा आला. लाल दिवा लागला.
"बघा चाचा!" पुढनं शिवतेज ओरडला.
"बघितलं," मी म्हटलं.

दुकानात येऊन दोन इंचाचं स्टँड केलं,
ॲम्प्लिफायर उचलून त्यावर बसवला,
एका अंगाला कॉम्प्युटरमधला जुना पंखा.
अण्णांना मागच्या सीटवर बसवून
पाय खाली ठेवायला लावले, पंख्यासमोर.
शाल काढून त्यांच्या मांडीवर दिली.
गाणं लावलं. थोडा वेळ गेला.
त्यांनी पायाची बोटं हलवली,
एकदा, मग परत.

"काय हुतं?" शिवतेजनं विचारलं.
"हवा लागत न्हवती."
यात खोटं काहीच नाही.

बिल केलं.
स्टँड, दीडशे. पंखा, तीनशे. मजुरी समजून द्या.
गरम वारा कुठल्या बाजूनं बाहेर पडतो
ते बिलात लिहायची पद्धत नाही.