बोर्ड दुसरा, घड्याळ तेच

जुनी चिप आता बनत नाही.
पुण्याहून पाकिटात आला तो हा नवा बोर्ड,
काळा, दोन रुपयांच्या नाण्याएवढा,
सोबत एक कागद : चौदा पिना,
त्यातल्या तीन चुकीच्या छापलेल्या.
हे मला तिसऱ्या रात्री कळलं.

विडी घरकुलात आमची वरची खोली पत्र्याची.
खाली आई सुपात तेंदूची पानं घेऊन,
वर मी लॅपटॉपखाली ओला टॉवेल घालून.

जुन्या बोर्डाची फाइल उघडली,
अख्खी उचलून नव्या नावानं ठेवली,
धाकटीला थोरलीचा फ्रॉक घालतात तशी,
मग बघत बसले कुठं दाटतोय, कुठं लोंबतोय.

बटण तेराव्या पिनेवर असायचं, आता चौथीवर.
दिवा पूर्वी एक म्हटलं की लागायचा,
हा शून्य म्हटलं की लागतो.
(अशा एका मुकादमाकडं आईनं नऊ वर्षं विड्या दिल्या.)

पहिल्यांदा आकडे उमटले तेव्हा
दुपारचे बारा वाजून एक मिनिट झालं होतं
आणि घड्याळ म्हणालं, दहा एकवीस.
चाचरत नाही, लुकलुकत नाही, ठाम.
अर्धा तास वेळेचा सगळा कोड उसवला.
मग चहाचा कप ठेवताना ते फिरलं,
आणि दिसलं : पडदाच उलटा बसलाय.
वेळ बरोबर होती, डोक्यावर उभी होती.

नियम एकच, नवं घेताना जुनं मोडायचं नाही.
म्हणून प्रत्येक बदल दोनदा बांधायचा,
आधी जुन्यासाठी, ते आईच्या मनगटावर आहे,
कोरेंच्या दुकानातून आणलेल्या खाकी पट्ट्यात.
त्यात एक गजर आहे, नाव 'पाणी',
दर चौथ्या दिवशी, पहाटे तीन चाळीस.

सगळं चाललं. मग मे लागला.
आठ दिवसांत नवं सात सेकंद मागं.
पुण्याला फोन केला, प्रणोती म्हणाली,
आमच्याकडं तर बरोबर चालतंय गं.
चालणारच.
आत एक स्फटिक आहे, तांदळाच्या दाण्याहून बारीक,
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो,
पंचवीस अंशांवर खरा.
त्याहून थंडीत मंद, त्याहून उन्हात मंद.
जुनी चिप हे आतल्या आत सांभाळून घ्यायची,
कुणाला न सांगता. गेल्यावर कळलं.

दुपारी दोनला पत्र्याखाली बोर्डाचं अंग सेहेचाळीस.
आई वर आली होती, वाळत घातलेली मिरची उलटायला.
काय करूलालीस?
म्हटलं, उन्हानं हे मागं पडतंय.
तिला यात नवल काहीच वाटलं नाही.
पानपण वाळतंय की दुपारी, कातरलं तर तुटतंय,
मग पाणी शिंपडून फडक्यात गुंडाळायचं.
किती शिंपडायचं?
हाताला कळतंय.

माझ्या हाताला कळत नाही.
मी आठवडाभर दर तासाला तापमान लिहिलं,
कोष्टक केलं, तीस अंशांना एवढं, चाळिसाला एवढं,
दर मिनिटाला घड्याळानं स्वतःचं अंग चाचपावं
आणि उरलेलं थेंब-थेंब भरून घ्यावं.
त्या ओळींवर शेरा लिहिला :
'ही दुरुस्ती काढू नये. पुण्यात गरज वाटणार नाही.'

काल चौथा दिवस.
तीन चाळीसला दोन्ही घड्याळं एकदम थरथरली,
एक तिच्या हातावर, एक फरशीवर, गुरगुरत सरकत.
मी कान देऊन ऐकलं, दोन्हींत फट नव्हती.
आम्ही पिंप, दोन कळश्या, पाइप घेऊन
नळापाशी बसलो.
कुंचन नगराकडनं एका मागाचा आवाज येत होता.

पाणी चार दहाला आलं.

आई पाइप धरून म्हणाली,
ह्याला पण कायतरी लिही की.