एकाच कल्ल्याने

लोथारने किल्ली माझ्या हातावर ठेवली
तेव्हा अँब्युलन्सचं दार उघडंच होतं.
नाकात नळी, तरी बोट वर करून म्हणाला,
"नुरेत्तिन, खायला कमी घाल. बघत जास्त राहा."

बॉट्रॉपच्या आमच्या वसाहतीत
खाणीतून सुटलेल्यांनी कबुतरं पाळली,
कुणी भोपळे वाढवले,
कुणी नुसते खिडकीत बसून राहिले.
याने तळघरात चारशे लिटर पाणी भरलं
आणि त्यात सात डिस्कस सोडले,
बशीएवढे, चपटे, लाल डोळ्यांचे,
अंगावर उभे पट्टे.
एकोणीस वर्षं आम्ही एकाच पाळीला खाली उतरलो.
हजार मीटर खोलातून सुटलेला माणूस
पुन्हा तळघरात कशाला जातो,
हे मी त्याला कधी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक मासा काळा पडला.
आम्ही पडायचो तसा नव्हे, साबणाने उतरणारा.
हा आतून.
फिल्टरच्या नळीमागे तोंड घालून उभा,
आणि मागे लोंबणारा पांढरा दोरा,
शिवण उसवत जावी तसा.

फोनवर लोथारने आधी विष्ठेचा रंग विचारला,
मग माझी खुशाली.
"कपाळ बघ. डोळ्यांच्या वर. भोकं आहेत?"
टॉर्च मारली. टाचणीने टोचल्यासारखी दोन होती.
"आतड्यात जीव झालेत, डोळ्यांना न दिसणारे.
डॉक्टरीणबाईंकडून चिठ्ठी आण.
पाणी बत्तीस अंशांवर ने, पण हळूहळू, रोज एकेक अंश,
आणि हवेचा दुसरा दगड सोड.
पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते,
हे काय तुला सांगायचं?"
नव्हतं सांगायचं.
आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो, खाली गेल्यासारखे.

फेरिदेच्या खलबत्त्यात गोळी कुटली.
मासा खात नव्हता, म्हणून औषध पाण्यातच.
फेरिदेने खलबत्ता परत घेतला नाही.
बाजारातून नवा आणला,
आणि जुन्यावर माझं नाव लिहिलं.

रोज बादल्या. तिसरा भाग पाणी बाहेर,
तितकंच आत, तितकंच कोमट.
माझे गुडघे जिन्याच्या बारा पायऱ्या
मोजल्याशिवाय चढू देत नाहीत.

मग दुसराच एक,
सगळ्यात मोठा, निळसर,
लाकडाच्या मुळीवर अंग घासू लागला.
डावा कल्ला मिटलेला,
श्वास फक्त उजव्याने,
घाईघाईने, जणू कुणी मागे लागलंय.

"मिनिटाला किती?" लोथारने विचारलं.
मी फोन कानाला लावून काचेपुढे बसलो,
घड्याळ गुडघ्यावर.
"एकशे चाळीस."
तो काही बोलला नाही.
आणि त्या न बोलण्यात
त्याच्या छातीतली शिट्टी ऐकू येऊ लागली.
मला मोजायचं नव्हतं.
पण बोटं मोजत होती, सवय लागली होती त्यांना.
चौतीस.

"कल्ल्यातले कृमी," तो म्हणाला.
"औषध आज, आणि आठवड्याने परत.
पहिल्या वेळी मोठे मरतात, अंडी राहतात.
लोक पहिल्या डोसावर खूश होतात
आणि तिथेच चुकतात."
"म्हणजे बुधवार. तू आठवण कर."
"कागद चिकटव," लोथार म्हणाला.

बुधवारी कागद होता.
डोस दिला. दिवा बंद केला, म्हणजे बुजायला नकोत.
निळसर अजून एकाच बाजूने श्वास घेतोय,
पण दुसरा कल्ला मधूनच हलतो,
झोपेत कुणाची पापणी हलावी तसा.
काळा कोपऱ्यातून बाहेर आला.
एक अळी तोंडात घेतली. थुंकली.
पुन्हा घेतली.

लगेच फोन लावला.
वॉर्डातल्या मुलीने उचलला,
म्हणाली, मास्क लावलाय, बोलता येणार नाही.
"मग निरोप द्या. सांगा, त्याने खाल्लं."
"कोणी?"
मी काचेकडे बघितलं.
तो तिसऱ्यांदा थुंकत होता.