इतिवृत्त

बेटावरच्या स्तनपान सल्लागारांची वार्षिक सभा
कुरेसारेला भरली, संगीतशाळेच्या वरच्या मजल्यावर.
हजर नऊ. दोघी बोटीत अडकल्या,
सामुद्रधुनी गोठलीय, असं त्यांनी कळवलं.
गणपूर्ती झाली, असं मी लिहिलं.
खाली कुणीतरी चेलोवर एकच जागा
पुन्हा पुन्हा चुकत होतं, ते लिहिलं नाही.

मागल्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं.
वर्गणी विसावरून पंचवीस युरो:
सूचक उर्वे, अनुमोदक लेलो,
विरोधात मी एकटी, कारण खजिनदारही मीच
आणि वसुलीला मलाच दारोदार फिरावं लागतं.

वजनकाटा दुरुस्तीला टाकायचाय.
पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर
पाच ग्रॅमचा फरक त्याला कळेनासा झालाय.
पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा.
एका चमच्यावर कुणी रात्रभर रडतं
किंवा झोपतं.

मग लोकरीचा स्तन टेबलावर फिरला.
मुहूच्या एका विणकरणीनं विणलेला, केशरी,
कडेला तिच्या गावची नक्षी.
पाच वर्षं इतक्या जणींनी दाबून दाखवलाय
की एका बाजूनं चपटा झालाय. नवा विणावा का?
लेलो म्हणाली, राहू दे, खरे असेच असतात.
हशा.
हशा नोंदवायचा असतो का, मला माहीत नाही.

विषय चौथा: रात्रीचा फोन, दहा ते सहा.
कोण घेणार?
सगळ्या आपापल्या वह्यांत बघू लागल्या.
वाइकेनं हात वर केला. सहा वर्षं तीच घेते.
शहात्तर सरलं तिला. आम्ही म्हटलं, आता पुरे,
तर म्हणाली, माझी उधारी फिटायचीय अजून.

केर्तु नवी आहे, तिला माहीत नव्हतं,
म्हणून वाइकेनं सांगितलं.
जुन्या राजवटीतलं प्रसूतिगृह.
बाळं एका खोलीत, आया दुसरीत.
दर तीन तासांनी ढकलगाडी,
तिच्यावर भट्टीतल्या पावांसारखी
ओळीनं गुंडाळलेली तान्ही.
वीस मिनिटं. मग परत.
मधल्या वेळात रडणं भिंतीतून पलीकडे जायचं
आणि पलीकडे सदरे भिजायचे.
पान्ह्याला घड्याळ कळत नाही, ती म्हणाली.
मला कळायचं.
किल्ली माझ्या खिशात होती.

यावर चर्चा झाली नाही.

विषय पाचवा: रुग्णालयाला पत्र.
घरी जाताना बाळंतिणीच्या हातात
पावडरच्या डब्याची पिशवी देऊ नये.
"नये" की "देणे टाळावे", यावर उर्वे आणि लेलो
भांडत असतानाच फोन वाजला, भर दिवसा,
सॉर्वेच्या टोकावरून, दीपगृहाजवळच्या घरातून.
आठ दिवसांची ओली बाळंतीण.
वाइके जिन्यात गेली. दार ओढलं तिनं, ते लागलं नाही.

"खांदे. आधी खांदे खाली सोड.
त्याला तुझ्याकडे आण, तू वाकू नकोस.
नाक बोंडासमोर. हनुवटी आधी टेकू दे.
दुखतंय? मग ओठाच्या कोपऱ्यातून बोट घाल,
सोडव त्याला. पुन्हा.
नाही गं, असं आटत नसतं.
रड, रडत रडत पाज, काही बिघडत नाही.
पुन्हा. घाई कुणाला आहे?"

आम्ही आठजणी हातात पेनं धरून.
चेलो थांबला असेल, किंवा ऐकूच आला नाही.
केर्तुनं लोकरीचा स्तन मांडीवर घेतला होता,
तिला बहुधा ठाऊकही नसावं.

मग वाइकेसुद्धा गप्प झाली.
फोनमधून काय आलं ते तिनं एकटीनं ऐकलं,
आम्हाला फटीतून तिची पाठ दिसत होती,
आणि जिन्याच्या कठड्यावर तिची बोटं,
कसला तरी ठेका मोजणारी:
एक, दोन, थांब.
एक, दोन, थांब.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "हां. गिळतोय."

ठराव: रात्रीचा फोन वाइकेकडेच. मतदान झालं नाही.
बिल संस्थेनं भरावं. सूचक मी, अनुमोदक सगळ्या.
पत्रातला शब्द पुढच्या सभेवर ढकलला.
बोटीतल्या दोघी पोचल्या
तेव्हा कॉफी संपली होती.