फळ्यावर नसलेला पदार्थ

फळ्यावर मी रोज खडूने चार पदार्थ लिहिते.
पाचवा लिहीत नाही.
तो मागणारा माणूस फळ्याकडे बघतच नाही,
दारातून थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी जातो,
टोपी काढतो, मांडीवर ठेवतो,
आणि पुटपुटतो,
असोर्दा असेल तर.

असतोच. त्याला लागतं काय?
परवाचा पाव, कोंबडीलाही जड जाईल असा,
लसणाच्या चार पाकळ्या, जाडं मीठ,
मूठभर कोथिंबीर, खलबत्त्यात हिरवा लगदा होईतो चेचलेली,
ऑलिव्हचं तेल, वरून कढत पाणी,
आणि त्याच पाण्यात अलगद सोडलेलं एक अंडं.
आमच्या आलेंतेजूत हे नसलेल्यांचं जेवण.
बाप म्हणायचा, आम्ही पाणी खाऊन मोठे झालो.
चार पैसे हाती आले तेव्हा पहिलं काम त्याने केलं ते हे,
ताटलीतून पाणी हद्दपार.

बस थांब्यासमोर खानावळ घालून अठरा वर्षं झाली.
आनंदात कुणी असोर्दा मागितल्याचं आठवत नाही.
नोकरी लागली की डुकराचं मांस आणि शिंपले,
बारसं असलं की कोकराचा रस्सा.
असोर्दा मागितला तो दावा हरलेल्या वकीलबाईंनी,
निकालाचा कागद पर्समधून डोकावत होता.
लिस्बनहून परतलेल्या एका पोराने,
एवढ्या लवकर का आलास,
हे त्याला तिसऱ्या घासापर्यंत कुणी विचारलं नाही.
आणि बेल्मीरोने. बुचाच्या झाडांची साल काढतो तो,
बायकोला पुरून सरळ इथेच आला,
बुटांना ओली लाल माती.
अंडं नको, म्हणाला.
ती दोन फोडायची.
एकटं बघवणार नाही.

डॉक्टर बार्रादास सांगतात,
मऊ असतं, गरम असतं, मीठ असतं,
मेंदूतली कसलीशी गाठ सुटते.
सुटत असेल.
मग पाकिटातल्या सूपने का नाही सुटत?
डॉक्टर हसले, बिल देऊन गेले.
त्यांनीही तो एकदा मागितलेला आहे. ते मी बोलले नाही.

फेब्रुवारीत इडालीनाचा फोन आला.
लक्झेंबर्गमध्ये घर घेतलं, आई. आता इथेच.
अभिनंदन म्हणाले. दोनदा म्हणाले.
खोल्या किती, ऊन येतं का, सगळं विचारलं.
मग गिऱ्हाईक नव्हतं म्हणून स्वतःसाठी पाव कुस्करला.

काही नाही झालं.
तेच पाणी, तोच लसूण, तोच हात,
अठरा वर्षं लोकांना उठवून बसवणारा हात,
आणि घास टाळूला चिकटून बसला,
परक्या घरी आल्यासारखा.

बेल्मीरो बसची वाट बघत होता.
माझी ताटली बघितली, काही बोलला नाही,
उठून माझ्या स्वयंपाकघरात शिरला.
आतून चुकीचे खण उघडल्याचे आवाज.
काहीतरी पडलं. शिवी.
बाहेर त्याची बस आली, थांबली, गेली.

लसूण चेचलाच नव्हता, कापला होता.
कोथिंबिरीचे देठ बोटाएवढे.
एका अंड्याच्या पाण्यात चिंध्या,
दुसरं मात्र धड, थरथरतं.
मीठ असं, की समुद्र आटवून आणलाय.
समोर ठेवलं आणि तो उभाच राहिला,
ओले हात कुठे पुसावेत हे न कळून.

मी खाल्लं.
डोळ्यांतून पाणी आलं ते मिठाने, असं मी सांगितलं,
आणि त्याने मान डोलावली, हो,
जरा जास्तच पडलं.
तळाशी हिरवं तेल उरलं होतं.
पुसून घ्यायला म्हणून विचारलं, पाव आहे का रे अजून?
त्याने फडक्याखाली हात घालून चाचपला.
ताजाच आहे, तो म्हणाला,
वाईट बातमी सांगावी तसा.