अंथऊ

पुराचं पाणी चार दिवस घरात राहून गेलं
तेव्हा नदीकडचं घर सोडून आम्ही
टेंबलाईच्या उतारावर, वर्धमान कॉलनीत आलो.
उंचावर आणि परवडणारं, एवढं एकच मिळत होतं.

घरमालक तवनाप्पा मगदूम, दूधसंघातून निवृत्त,
करारनाम्याचे कागद सरळ करत म्हणाले,
"तुम्ही कुठले म्हणायचं?"
"गडहिंग्लजचा," उल्हास म्हणाला.
"ते न्हवं."
मग बराच वेळ पंखाच बोलत राहिला.
"आम्ही तसं काही मानत नाही," मी म्हटलं,
आणि ते वाक्य त्या खोलीत
ओल्या छत्रीसारखं निथळत राहिलं,
कुठं टेकवावं कुणाला कळेना.

करारात शेवटी पेनानं वाढवलेली एक ओळ:
अंडी, मांस, मद्य वर्ज्य. कांदा-लसूण दार लावून.
सही केली.
वीस वर्षं सभांमधून जे बोललो
ते त्या सहीच्या शेपटाखाली कुठंतरी गेलं.

स्वयंपाकघरात देवाचा कोनाडा होता,
आधीच्यांच्या समईनं काळा झालेला.
आम्ही त्यात किल्ल्या ठेवल्या, थर्मामीटर, वीजबिलं,
रुंजीचे पडलेले दोन दात.
पद्माक्का पहिल्यांदा खाली आल्या, बघून म्हणाल्या,
"दात उंदराच्या बिळात टाकायचे असत्यात."
एवढंच.

डॉक्टरांनी रुंजीला रोज एक अंडं सांगितलेलं.
पहाटे पाचला उकडायचं, खिडक्या लावून.
टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून
उल्हास ऑफिसला जाताना कावळा नाक्यावर टाकायचा.
चोरून पूजा घालणाऱ्या कॉम्रेडांना
किती हसलो होतो आम्ही.

वरच्या नळाला पांढरं दुहेरी फडकं बांधलेलं असे.
"बारीक जीव असत्यात, त्यास्नी परत पाण्यात सोडायचं,"
हे रुंजी जिना उतरतानाच सांगत आली.
"आई, पुरात आपल्याकडं आलेले
ते कुणी सोडले परत?"
मला फक्त फिनेलचा कॅन आठवला.

हळूहळू ती रात्री ताट सरकवू लागली.
"माझा अंथऊ झालाय."
"कसला?"
"जेवण. सूर्य बुडायच्या आत करतात ते."
उल्हासचा घास हातातच.
"उद्या देवळात जाशील."
"गेलेय की. तिथली फरशी गार असते, बाबा.
तुम्ही पण या, नुसतं बसायला."
तो हसला नाही. त्या रात्री त्यानं
कपाटावरची पुस्तकं उगीच पुन्हा लावली.

भादव्यात त्यांचे दहा दिवसांचे उपास संपले,
आणि तिन्हीसांजेला पद्माक्का दारात.
इस्त्रीचं लुगडं, चेहरा उतरलेला, हात जोडलेले.
माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या.
"जाणता-अजाणता काय चुकलं असंल
तर क्षमा करा."
मी काहीतरी नको-नको म्हणत होते.
"न्हाई, ऐका. तुमच्या रुंजीला
ताट-वाटी येगळी ठेवली हुती मी.
पोरीला कळू दिलं न्हाई.
रोज ती पुसून ठेवायची अन् म्हणायची,
आक्का, हे माझं ताट."

रागाची इतकी वाक्यं तयार होती माझ्याकडं,
छापील, मुद्देसूद.
एकही वर आलं नाही.
आणि माझ्या बाजूचं सांगायला
माझ्याकडं असा दिवसच नव्हता वर्षात कुठला,
हात जोडायची रीतही नव्हती.

"बसा," मी म्हटलं, "चहा टाकते."
त्यांनी खिडकीतून पाहिलं.
जोतिबाच्या डोंगरामागं नुसती लाली उरलेली.
"आता न्हाई चालत. पण बसते."

बसल्या.
ओट्यावर उल्हास सकाळी विसरलेली
वर्तमानपत्राची गुंडाळी तशीच होती.
आम्ही दोघी रुंजीच्या शाळेबद्दल बोलत राहिलो.