घटसर्प

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच धुक्यात शिरतो
आणि आम्ही दोघी उबवणीपेटीतून तबकड्या काढतो,
टोपणावर शाईनं लिहिलेलं:
मूळ वाण.
दार काढलेला.

इशबेल एकतीस वर्षं आगर ओततेय,
तिची एकही तबकडी तिरकी गोठलेली मी पाहिली नाही.
आज तिनं पहिल्यांदाच विचारलं, दार म्हणजे?

म्हटलं, विष करणं सोपं असतं गं.
त्याला एक जनुक पुरतं,
तेही कधी उसनं, एखाद्या विषाणूनं जाता जाता टाकलेलं.
अवघड असतं ते बाहेर काढणं.
त्या एका दाराला तेरा-चौदा जनुकं लागतात,
कुणी बिजागरी, कुणी चौकट, कुणी नुसतं मागून ढकलणारं.
मी त्यातलं एकच खोडलं.
कडीचं.

ती बराच वेळ हातमोजे ओढत राहिली.
मग म्हणाली, आईची धाकटी बहीण, नॅन,
ज्यूट गिरणीमागच्या गल्लीत गेली. सहा वर्षांची. घशानं.
घटसर्प, मी म्हटलं, आमच्याकडे घटसर्प म्हणतात.
गट-सर्प, ती म्हणाली. घ काही जमला नाही.

आईचाही घसा दुखला होता त्या आठवड्यात, थोडासाच.
आणि तिनं नॅनला आपल्या कपातलं दूध दिलं होतं, उरलेलं.
हे ती बोलली एकदाच,
अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, इस्पितळात,
तेही मला नाही,
रात्रपाळीच्या नर्सला.

इशबेलनं दोन्ही तबकड्या उजेडात धरल्या.
एकीत प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून
काचेसारखं कडं पडलेलं.
दुसरीत ठिपके खसखशीएवढे,
भोवतीचं रक्त तांबडंलाल, शाबूत.

आत साठून मरत नाहीत हे?

नाही. आपल्या विषावर त्यांच्यापाशी उतारा असतो.
जगतात.
फक्त फारसे वाढत नाहीत.

ती आमच्यावर कधी ओरडली नाही, इशबेल म्हणाली,
फक्त कपाटात वरच्या फळीवर एक कप होता
तो कुणी घ्यायचा नाही.

तिनं टोपण बसवलं,
कडेनं चिकटपट्टी फिरवली, तारीख घातली.
पुलावरून एक गाडी गेली, दिसली नाही.
पुन्हा म्हण बरं, ती म्हणाली,
तो सापाचा शब्द.