शेरा

नाग नदीच्या काठी, जुन्या देवळामागे
मी आणि एजाज टेप धरून उभे.
नदी असं कुणी म्हणत नाही हिला.
ऑटोवाला म्हणाला होता, नाल्यापाशी सोडतो.

माझ्याकडे एक नकाशा आहे, झेरॉक्सची झेरॉक्स.
कुण्या हारग्रीव्ह सायबानं काढलेला,
पूल बांधायच्या आदल्या हिवाळ्यात.
देऊळ त्यानं एका चौकोनात आटोपलंय,
देवाचं नाव चुकवलंय,
पण घाट मात्र सावकाश, पायरी पायरीनं,
जसं काही स्वतः उतरून पाण्यात बोट बुडवून आलाय.
शेजारी आकडा : एकोणीस.

आज दिसतात अकरा.

एजाज पुन्हा मोजतो, खालून वर.
अकरा.
अकरावीला काळं पाणी लागलेलं,
त्यावर थर्माकोलची पत्रावळ, हाराचा दोरा,
आणि थोडी पुढे एक टिटवी
पाण्यातच उभी, पण पोटरीपर्यंतच भिजलेली.
कशावर उभी आहे ती?

पुलाखाली गेलो. तीन कमानी.
दगड तोच, देवळाचा, पिवळट, पावसानं पोळलेला.
टाकीचे घावही तसेच, डावीकडे कललेले;
डावखुरा असेल कुणी.
देवळाच्या खांबावर त्यानं
माकडांची रांग काढली आहे, एक माकड जांभई देतंय.
पुलावर काहीच नाही. सायबाला सपाट हवं होतं.
फक्त कमानीच्या पोटात, टॉर्च मारली तेव्हा,
प्रत्येक चिऱ्यावर कोरलेला आकडा,
आपला, मराठी, एक दोन तीन,
कोणता कुणाशेजारी बसवायचा ते विसरू नये म्हणून.
सातावर वटवाघळं.

जुन्या हिशेबाच्या वहीत एक ओळ सापडली होती मला :
पाथरवट, नग बारा, रोजी चार आणे.
नग. जसे चिरे, तशी माणसं.
हारग्रीव्हची सही मात्र तीनदा.

मला राग यायला हवा होता.
आला पण जरा वेळानं, आणि नेमका कुणावर ते कळेना.
कारण त्या आठ पायऱ्यांचा साक्षीदार
आता तोच एकटा, परका, चुकीच्या नावाच्या देवाशेजारी
खरा आकडा लिहून गेलेला.
आणि पायऱ्या बुडवल्या त्या आपण.
माझ्या घरचं मोरीचं पाणीही
इथेच येतं, वळसा घेऊन.

"काय मोजून राहिले जी?"
पार्बताबाई नंदनवार, दुर्वांची टोपली घेऊन.
सांगितलं.
"अकराच कशा? खाली आहेत ना!
बाराव्या पायरीवर कासव हाय. माह्या सासूनं पाय दिला व्हता त्याच्यावर,
लगनाच्या दुसऱ्या दिवशी. थंडगार, म्हणे."
तुम्ही पाहिलंत?
"मी कशाला पाहू? हाय तर हाय."

मग तिनंच कुठूनसा बांबू आणला.
एजाजनं बाही वर केली,
अकराव्या पायरीवर उकिडवा बसला
आणि बांबू चिखलात खुपसला.
फुसफुस. गाळ. एक बुडबुडा, वास.
पुन्हा, हातभर पुढे.

टक्.

टिटवी उडाली.
पार्बताबाई काही बोलली नाही,
टोपलीतल्या चार दुर्वा काढून
तिनं पाण्यावर टाकल्या, त्या तिथंच थांबल्या.
वाहायला पाणी वाहतं कुठे.

संध्याकाळी फॉर्म भरते आहे.
पायऱ्यांची संख्या, प्रत्यक्ष पाहणीनुसार : अकरा.
रकाना एवढाच आहे, अंगठ्याच्या नखाएवढा.
शेरा या सदरात
आधी लिहिलं : बारावी आवाजावरून.
ऑफिसात हसतील.
खोडलं. परत लिहिलं.
एजाजच्या बोटांना अजून वास आहे,
चहाचा ग्लास तो रुमालानं धरतो
आणि विचारतो, मॅडम,
कासवाचं तोंड कोणीकडे असंल,
देवळाकडे की पाण्याकडे?